नारिंगी दिवा लागला, आता डबा किती वर्षं चालेल?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 2017 च्या दिवाळीत घेतलेला दोन डिस्कचा नॅस आहे, म्हणजे राउटरला जोडून घरभर वापरायचा साठवणीचा डबा. आत 4 टेराबाइटच्या दोन डिस्क आहेत, रेड वनमध्ये, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती. सासऱ्यांच्या कीर्तनाच्या दीडशे कॅसेटी त्यावर उतरवलेल्या आहेत, घराण्याचे मोडी कागद स्कॅन करून ठेवलेत, लग्नामुंजींचे फोटो आहेत, आणि बाकीची जागा मुलाच्या सिनेमांनी भरली आहे. गेल्या आठवड्यापासून एका डिस्कचा दिवा नारिंगी झालाय. दुकानदार म्हणतो, सगळंच जुनं झालंय, नवीन घ्या. असा डबा किती वर्षं टिकतो, आणि त्याच्यावर विसंबून राहावं का?

ताई, वर्षांचा हिशोब पुढे करू. आधी उठून एक काम करा. 1 टेराबाइटची यूएसबी डिस्क आणा आणि कीर्तनं, मोडी कागद, फोटो एवढंच तिच्यावर उतरवून घ्या. सिनेमे राहू द्यात. नारिंगी दिव्याची डिस्क ओढून काढू नका, नवीन घालू नका, डबा बंद करून पुन्हा चालू करून बघू नका. मी रावपुऱ्यात 19 वर्षं हेच काम करतोय. डिस्कने केलेल्या नुकसानापेक्षा दिवा बघून घाबरलेल्या हातांनी केलेलं नुकसान मी जास्त पाहिलंय. एका घरी मुलाने घाईत नारिंगी दिव्याच्या शेजारची, म्हणजे धडधाकट डिस्क उपसली, तिच्या जागी नवीन घातली आणि ‘रिपेअर’ दाबलं. आजारी डिस्कवरून नव्या डिस्कवर नक्कल सुरू झाली आणि अर्ध्यात अडकली. तोवर त्याने ती चांगली डिस्क ‘आता ही रिकामीच आहे’ म्हणून लॅपटॉपला लावून फॉरमॅटही केली होती.

‘एवढं सगळं 1 टेराबाइटमध्ये कसं मावेल’ असं वाटत असेल तर हिशोब करून बघा. नव्वद मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने उतरवली तर साधारण 950 मेगाबाइट होते. दीडशे कॅसेटी म्हणजे 143 गिगाबाइटच्या आसपास. मोडी कागद आणि फोटो धरले तरी अर्ध्या टेराबाइटच्या पुढे जाणं अवघड. डबा 4 टेराबाइटचा असला तरी जे परत कुठेही मिळणार नाही ते एवढंसंच असतं, हे जवळजवळ प्रत्येक घरात दिसतं. ते सिनेम्यांच्या ढिगाखाली असल्यामुळे ‘इतक्याचा बॅकअप कुठे घ्यायचा’ म्हणून कुणाचाच बॅकअप होत नाही.

नवी डिस्क घालायच्या आधी नक्कल का, तेही सांगतो. रेड वनमध्ये एक डिस्क बदलली की दुसरी डिस्क पहिल्या सेक्टरपासून (माहितीच्या छोट्या कप्प्यापासून) शेवटच्यापर्यंत वाचली जाते. 4 टेराबाइटला किमान सात-आठ तास, डबा वापरात असेल तर त्याहून जास्त. ती दुसरी डिस्कही त्याच दिवशी, बहुधा त्याच खोक्यातून आलेली, तितक्याच उन्हाळ्यांतून गेलेली. बहुधा कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिला सलग इतकं पळायला लावायचं, आणि तेही जोडीदार पडलेला असताना. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात वाचनचुकीचं प्रमाण 10 चा 14 वा घात इतक्या बिटांमागे एक, असं लिहिलेलं असतं. म्हणजे साडेबारा टेराबाइट वाचनामागे एक चूक. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्या निघतात, पण त्या सात तासांत जुगार खेळायचाच असेल तर खिशात नक्कल असू द्या.

नक्कल चालू आहे तोवर नॅसच्या पानावर जाऊन त्या डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, उघडा. आकड्यांची लांबलचक यादी येईल, त्यातले चारच बघायचे. 5 नंबरचा रकाना म्हणजे खराब निघून बदलून घेतलेले सेक्टर. 197 म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून लटकलेले, आणि 198 म्हणजे दुरुस्त न झालेले. हे तिन्ही शून्य असायला हवेत. एखादा पाच-दहावर जाऊन महिनोन्‌महिने तिथेच थांबला तर डिस्क काही काळ चालते. दर आठवड्याला वाढत असेल तर ती जाणारच. चौथा आकडा 199, आणि तो डिस्कचा दोष नसतो. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधली जोडणी अडखळते आहे, एवढंच तो सांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात कनेक्टरवर ओल धरते, धूळ बसते. नक्कल हातात आल्यावर डबा रीतसर बंद करून, डिस्क काढून, संपर्क कोरड्या ब्रशने झाडून परत बसवल्या की पुष्कळदा हा आकडा वाढायचा थांबतो. म्हणून दुकानदाराचं ‘सगळंच बदला’ ऐकायच्या आधी चारांतला कोणता आकडा वाढलाय ते मला कळवा.

स्मार्ट सगळं आधी सांगतं असं मात्र धरून चालू नका. गूगलच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक, 56 टक्के, अशा होत्या की त्यांच्यात चार महत्त्वाच्या सूचनांपैकी एकही आधी दिसली नव्हती. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे. डिस्क स्वतःचा पृष्ठभाग तपासते तेव्हाची पहिली चूक (स्कॅन एरर) आल्यावर पुढच्या 60 दिवसांत डिस्क पडण्याची शक्यता निरोगी डिस्कच्या 39 पट. दिवा हिरवा असला म्हणजे सगळं ठीक असेलच असं नाही, पण नारिंगी झाला तर तो फुकट झालेला नसतो.

आता वर्षांचं. खोक्यावर ‘सरासरी 10 लाख तास’ असं काहीतरी छापलेलं असतं. भागाकार केला तर 114 वर्षं येतात, आणि लोक हसतात किंवा विश्वास ठेवतात. दोन्ही चूक. तो एका डिस्कच्या आयुष्याचा आकडा नाही. अशा पुष्कळ डिस्क उमेदीच्या काळात एकत्र चालवल्या तर वर्षाला शंभरातली साधारण एक पडेल, एवढाच त्याचा अर्थ. लोकांचे बॅकअप सांभाळणारी बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या डिस्कचे आकडे 2013 पासून उघडपणे छापते. 2024 मध्ये त्यांच्या डिस्क पडण्याचं वार्षिक प्रमाण 1.57 टक्के होतं. दीड टक्का धरा, दोन डिस्क धरा, आठ वर्षं धरा. साधारण पाच घरांपैकी एका घरी एक तरी डिस्क पडलेली असणार. आणि हे वातानुकूलित खोलीत, स्वच्छ विजेवर, रात्रंदिवस कोणीतरी लक्ष ठेवून असताना. आपली घरं म्हणजे तसली खोली नव्हे.

मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो तो हिशोब असा. डिस्क पाच-सहा वर्षांनी बदलायचीच, चालू असली तरी. डबा स्वतः आठ वर्षं सहज जातो, दहाही जाईल, फक्त मधे एकदा पंखा आणि एकदा अडॅप्टर बदलावा लागतो. यूपीएसची बॅटरी आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांवर धरूच नका. तुमच्या डिस्कचे तास 60 हजारांच्या पुढे गेले असतील, म्हणजे दोन्ही बदलायच्या. पण एकदम नाही. आजारी आधी, दुसरी तीन-चार महिन्यांनी, आणि जमलं तर वेगळ्या दुकानातून, म्हणजे एकाच खोक्यातली जुळी भावंडं येणार नाहीत.

डिस्क घेताना दुकानात एक गंमत होते. गिऱ्हाईक विचारतं, ‘रेड आहे ना?’ आणि दुकानदार म्हणतो, ‘हो, रेडच दिलीय.’ गिऱ्हाइकाच्या मनात दोन डिस्कची जोडी असते, दुकानदाराच्या हातात लाल लेबलची डिस्क. त्या लाल लेबलचीही एक गोष्ट आहे. 2020 मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या 2 ते 6 टेराबाइटच्या काही ‘रेड’ डिस्कमध्ये ‘एसएमआर’ पद्धत वापरली होती आणि ते कुठे सांगितलं नव्हतं. या पद्धतीत माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. सिनेमे साठवायला चालतं, पण जोडी पुन्हा बांधताना अशी डिस्क इतकी रेंगाळते की नॅस तिला मेलेली समजून बाहेर काढतो. नंतर कंपनीने जुन्या पद्धतीच्या डिस्कना ‘रेड प्लस’ म्हणायला सुरुवात केली. त्या जुन्या पद्धतीचं नाव ‘सीएमआर’, दुकानात तोच एक शब्द वापरा. आणि नवी म्हणून आणलेल्या डिस्कचे चाललेले तास पहिल्याच दिवशी बघा. शून्याच्या आसपास नसतील तर त्याच दिवशी परत करा.

एवढं सगळं डिस्कबद्दल सांगितलं, पण खरं सांगू का, बडोद्यात मी जे डबे मेलेले पाहिलेत त्यांत डिस्क आपणहून गेली असं कमी. घराने मारलेले जास्त. विजेने, उन्हाने, पाण्याने.

वीज म्हटली की माझ्या डोळ्यापुढे पतंगांचं उत्तरायण येतं. 14 आणि 15 जानेवारीला तारांवर मांजा अडकतो, कुणीतरी गच्चीवरून तो ओढतो, ठिणगी पडते आणि लाइट जाते. येते, पुन्हा जाते. एका दुपारी पाच-सहा वेळा. डिस्क फिरत असताना वीज तुटली की तिचं डोकं उरलेल्या वेगाच्या जोरावर कसंबसं बाजूला जाऊन बसतं. हे कधीतरी चालतं, रोज नाही. शिवाय दोन डिस्कपैकी एकीवर लिहून झालं आणि दुसरीवर व्हायचं होतं, अशा क्षणी लाइट गेली तर दोघींचं म्हणणं वेगळं पडतं. वासी उत्तरायण, म्हणजे दुसरा दिवस, संपली की माझ्या टेबलावर डबे येऊ लागतात.

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. इन्व्हर्टर चांगला, पण त्याच्या पाठीमागचं बटण ‘यूपीएस’कडे आहे का ते बघा. दुसऱ्या बाजूला असेल तर लाइट गेल्यावर तो सावकाश बदलतो, तेवढ्यात नॅस बंद पडून पुन्हा सुरू होतो. बटण बरोबर असलं तरी एक उणीव राहतेच. बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर नॅसला सांगत नाही. यूएसबीची तार असलेला छोटा यूपीएस ते सांगतो, आणि पाच मिनिटं उरली की नॅस स्वतःच फायली मिटून झोपी जातो. यूपीएस आणलेला असतो, तार खोक्यातच राहिलेली असते, असं मी इतक्यांदा पाहिलंय की हल्ली कुणाकडे गेलो की आधी तारच शोधतो. आणि वाड्यातल्या जुन्या दोन पिनांच्या सॉकेटवर नॅस लावला असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी अर्थिंग करून घ्या. त्याशिवाय यूपीएसलाही अर्थ नाही.

अडॅप्टरचं थोडं. डबा ‘मेला’ म्हणून येतो, मी माझा 12 व्होल्टचा अडॅप्टर लावतो आणि तो उठून बसतो, हे नेहमीचं आहे. अडॅप्टरमधले कपॅसिटर उष्णतेने सुकतात. साधा ठोकताळा असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. खूण ओळखायला सोपी आहे. एका डिस्कवर डबा सुरू होतो, दोन घातल्या की होत नाही. फिरायला सुरुवात करताना एकेक डिस्क 2 अँपियरच्या आसपास ओढते, दमलेल्या अडॅप्टरला ते झेपत नाही. कॅमेऱ्यांचा तसल्याच पिनचा स्वस्त अडॅप्टर लावू नका, त्याच्यावर 5 अँपियर लिहिलेलं असतं, पण देता देता तो दम टाकतो.

उन्हाळा. डबा माळ्यावर पत्र्याखाली किंवा देवघराच्या बंद कपाटात असेल तर खाली आणा. मे महिन्यात बाहेर 43 अंश असतात तेव्हा अशा जागी डिस्क 55 च्या पुढे जाते. 45 च्या आत ठेवा म्हणजे झालं. फ्रिजसारखं गार करायची गरज नाही, गूगलच्या त्याच अभ्यासात मध्यम तापमानाचा फारसा दोष दिसला नव्हता, त्रास होत होता तो फार तापलेल्या आणि वय झालेल्या डिस्कना. वर्षातून दोनदा जाळी ब्रशने साफ करा. पंखा घरघरायला लागला की बदला. पालीचा बंदोबस्त हाही याच कामाचा भाग आहे, हसू नका.

आणि पाणी. 31 जुलै 2019 ला एका दिवसात 20 इंचांच्या घरात पाऊस झाला होता, आणि 2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी 37 फुटांच्या आसपास गेली. त्या वेळी तळमजल्यावर टीव्हीखालच्या कपाटात ठेवलेले डबे चिखलासकट माझ्याकडे आले. त्यांतले काही लोकांनी उन्हात वाळवून, वीज लावून बघून आणले होते. बहुतेक साध्या डिस्कना हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत जातं, वाळलं की गाळ तबकडीवर चिकटून बसतो, आणि वीज लावली की डोकं त्या गाळावरून घासत जातं. बुडालेली डिस्क वाळवू नका, उघडू नका, तांदळात पुरू नका. आहे तशी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माहिती काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवा. त्याहून सोपं म्हणजे डबा छातीच्या उंचीवर ठेवा.

घराबाहेरची भीती वेगळी. जून 2021 मध्ये ‘माय बुक लाइव्ह’ नावाच्या नेटवर्क डिस्क जगभर रातोरात कोऱ्या झाल्या. डिस्क उत्तम होत्या. फक्त 2015 नंतर त्यांना सॉफ्टवेअरची दुरुस्ती मिळाली नव्हती आणि त्या इंटरनेटला उघड्या होत्या. जानेवारी 2022 मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने क्यूनॅप कंपनीचे डबे कुलूपबंद करून एकेका घराकडे 0.03 बिटकॉइन मागितले. रेड वन इथे काहीच करत नाही. दोन्ही डिस्कवर तेच कुलूप, एकाच क्षणी. तुमच्या डब्याला अजून अपडेट येतात का ते कंपनीच्या पानावर बघा. येत नसतील तर डबा घरात वापरायला हरकत नाही, पण राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग आणि ‘यूपीएनपी’, म्हणजे बाहेरून डब्यापर्यंत येणाऱ्या वाटा, बंद करा आणि पुण्याहून सिनेमे बघायची मुलाची हौस थांबवा. माझ्या मते डबा ‘म्हातारा’ होतो तो याच दिवशी, अपडेट थांबतात त्या दिवशी. नवा डबा घ्यायचं खरं कारण तेवढंच.

तुम्हाला नॅसकडून ईमेल आली नाही, दिवा दिसला म्हणून कळलं, असं तुम्ही लिहिलंय. नॅसमध्ये जीमेलचा साधा पासवर्ड घातलेला असणार. गूगलने 30 मे 2022 पासून अशा पद्धतीने लॉगिन करणं बंद केलं. तेव्हापासून डबा कदाचित ओरडतोय आणि कुणाला ऐकू जात नाही. आजच नॅसमध्ये ईमेल नव्याने जोडून ‘टेस्ट’ दाबा, मेल आली की खात्री.

बॅकअपबद्दल फार सांगत नाही. यूएसबीच्या दोन डिस्क ठेवा. एक घरात, एक वडोदऱ्याबाहेर, नणंद इंदूरला असते म्हणालात तिच्याकडे. गणपतीला येईल तेव्हा अदलाबदल, दिवाळीला जाल तेव्हा अदलाबदल. अशा ठेवणीसाठी फिरणारी साधी हार्ड डिस्कच घ्या. एसएसडी विजेविना फार काळ पडून राहिली तर भरवशाची नाही. आणि दर वेळी तीनचार कीर्तनं त्या डिस्कवरून लावून ऐका, नुसती फोल्डरची नावं बघून परत ठेवू नका. मूळ कॅसेटी आणि मोडी कागद टाकायचे नाहीत, हे सांगायची गरज नसावी, पण ‘स्कॅन झालंय ना’ म्हणून रद्दीत गेलेले कागद मी पाहिलेत.

पासवर्ड कोणाला माहीत आहे? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. एक गृहस्थ होते, सगळं नीटनेटकं, यूपीएस, तार, दोन डिस्क, माहिती कुलूपबंद (एन्क्रिप्ट केलेली). ते अचानक गेले. डबा चालू, दोन्ही दिवे हिरवे, आणि घरात कुणालाही आत जाता येईना. कुलपाच्या चावीची फाइल त्यांनी त्याच डब्यात ठेवली होती. तुमच्याकडे कुलूप लावलेलं असेल तर चावीची फाइल पेनड्राइव्हवर आणि पासवर्ड कागदावर, घरच्या दागिन्यांच्या कपाटात. त्याच कागदावर दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर आणि डावी कुठली, उजवी कुठली हे लिहा, म्हणजे मुलगा चुकीची काढणार नाही.

शेवटी दुकानदाराच्या ‘एक्सचेंज’बद्दल. डबा द्यायचा तर द्या, डिस्क काढून घ्या. घरगुती नॅसपैकी बरेचसे आतून लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या नेहमीच्या पद्धतीनेच डिस्क मांडतात, त्यामुळे डब्याचा बोर्ड गेला तरी कुलूप नसलेली डिस्क उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) घातलेल्या साध्या संगणकावर वाचता येते. दुसरी, हिरव्या दिव्याची डिस्क बदलाल तेव्हा ती पुसू नका. तारीख लिहून वर्षभर कपाटात ठेवा. आजारी डिस्कही मला आकडे कळवेपर्यंत कुणाच्या हातात देऊ नका.